नंतर सांगते

आई तिसऱ्या रांगेत बसली होती, आणि दुभाषीबाईंचं लक्ष काही केल्या व्यासपीठावर लागत नव्हतं.

"माझा आवाज येतोय ना सगळ्यांना?" सूत्रसंचालकाने माइकवर टिचकी मारून विचारलं. दुभाषीबाईंनी सवयीने तेही हातांनी सांगून टाकलं आणि पुढच्या रांगांतली बहिरी मंडळी खुसुखुसु हसली. हा प्रश्न दरवर्षी यायचा आणि ती मंडळी दरवर्षी हसायची. आज फक्त आई हसली नाही. हाताची घडी घालून ती लेकीकडे बघत राहिली. खुणांनी बोलणाऱ्या माणसाने हाताची घडी घातली की समजायचं, त्याने तोंडाला कुलूप लावलंय.

विधी महाविद्यालयाचा हा वार्षिक परिसंवाद. एका वर्षी भाडेकरू आणि घरमालक, एका वर्षी दत्तक मुलं, एका वर्षी इंटरनेटवरची बदनामी. विषय बदलायचा, खुर्च्या, पडदे आणि आभारप्रदर्शनाची लांबी तीच राहायची. दुभाषीबाई इथे कितीतरी वर्षं येत होत्या. व्यासपीठाच्या कडेला उभं राहायचं, वक्ता बोलेल ते बहिऱ्यांसाठी हातांनी सांगायचं, आणि बहिऱ्यांपैकी कोणी हातांनी बोललं तर ते सभागृहासाठी तोंडाने बोलायचं. पन्हाळीतून पाणी जावं तसे कायदे त्यांच्यातून वाहून गेले होते. संध्याकाळी विचाराल तर थेंब सापडायचा नाही.

इतक्या वर्षांत आई एकदाही आली नव्हती. "वकिलांचं बोलणं बघून माझे डोळे दुखतात," म्हणायची. आणि आज सकाळी दुभाषीबाई निघायच्या तयारीत होत्या, तर ही चपला घालून दारात उभी.

"तू कुठे निघालीस?"

"तू जातेस तिथेच."

"तिथे कंटाळशील."

"बघू," आई म्हणाली आणि पुढे चालू लागली.

सभागृहात शिरल्यावर कळलं, की आईसाठी जागा धरून ठेवलेली आहे. शेजारच्या खुर्चीवर पांढऱ्या मिशांचे सुतारकाका बसले होते. हे बहिऱ्यांच्या क्लबातले. हयातभर दारं-खिडक्या केल्या, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. आईला बघताच त्यांनी खुर्चीवर ठेवलेला रुमाल उचलला. 

मागच्या फलकावर मोठ्या अक्षरांत यंदाचा विषय होता: 'निर्णय कोणाचा? संमती, पालकत्व आणि कायदा'.

पहिले वक्ते मनोरुग्णांच्या हक्कांवर बोलत होते. वाक्यं लांबलचक, क्रियापद शेवटी हरवलेलं. एरवी दुभाषीबाई ते सहज हाताळायच्या. आज दोनदा धागा सुटला. जोडीला दुसरी दुभाषी होती, वेणी. जाडजूड वेणीमुळे बहिऱ्यांनी तिचं नावच ते ठेवलं होतं. दोघी आळीपाळीने काम करायच्या. एकीचे हात दमले की दुसरी उभी राहायची. वेणी वयाने लहान, दुभाषीबाईंच्याच हाताखाली तयार झालेली. तिने खालूनच विचारलं, "ताई, बरं नाही का? मी येऊ?"

त्यांनी होकाराची मान हलवली. वेणी उभी राहिली आणि दुभाषीबाई खुर्चीत बसल्या. पण बसल्यावर तर आणखीच अस्वस्थ वाटू लागलं. हाताला काम असलं की मनाला वाट मिळत नाही. आता मन मोकाट सुटलं आणि थेट विवाह नोंदणी कार्यालयात जाऊन उभं राहिलं.

त्या दिवशी आईने नुसतं म्हटलं होतं, "एका कचेरीत जायचंय, चल." दुभाषीबाईंना त्यात नवल नव्हतं. पाच वर्षांच्या असल्यापासून त्या आईवडिलांबरोबर कचेऱ्यांत जात आल्या होत्या. बँकेत टेबलापलीकडचं दिसत नसे, तर वडील उचलून धरत, आणि त्या कडेवरून व्याजाचे दर सांगत. डॉक्टर वडिलांच्या दुखण्याचं जे काही बोलले, तेही दुभाषीबाईंच्याच तोंडाकडे बघत बोलले. त्यामुळे कचेरी म्हटल्यावर त्यांनी कसली, हेही विचारलं नाही. दारात सुतारकाका नवा शर्ट घालून उभे दिसले आणि वरची पाटी वाचली, तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

खिडकीमागच्या कारकुनाने दोघा म्हाताऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि दुभाषीबाईंना विचारलं, "यांना सगळं समजतंय ना? म्हणजे, वय बघता... तुम्ही घरच्याच ना? तुमची काही हरकत नाही ना?"

हे सगळं आईला सांगायचं होतं. कामच होतं ते. पण त्यांचे हात वर झाले नाहीत. तोंडाने त्या कारकुनाला म्हणाल्या, "आम्ही घरी बोलून येतो." आणि आईकडे वळून हातांनी म्हणाल्या, "आज साहेब नाहीत. चल."

"कधी येणार? तो बराच वेळ बोलत होता. काय म्हणाला?"

"नंतर सांगते."

त्या 'नंतर'ला आता पंधरवडा उलटून गेला होता. आईने विषय काढला की दुभाषीबाईंना गॅसवरचं काही आठवायचं, नाहीतर फोन यायचा. परवा आईने विचारणं थांबवलं. तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं. आपण किती मूर्ख, असं आता इथे खुर्चीत बसून वाटत होतं. आईने हात टेकले असतील, असं मानणारी माणसं आईला ओळखतच नव्हती.

पुढच्या वकीलबाईंच्या भाषणाला दुभाषीबाई पुन्हा उभ्या राहिल्या, आणि चहाच्या सुट्टीत मुद्दाम आईजवळ गेल्या.

"कंटाळलीस? रिक्षा बघू का घरी जायला?"

"वकीलबाई छान बोलल्या," आई म्हणाली. "माणूस सज्ञान असला की त्याचा निर्णय त्याचाच. तूच सांगितलंस ना आत्ता? हातांनी?"

"मी नाही, त्या म्हणाल्या."

"हो. तू फक्त सांगितलंस." आईने बिस्किट चहात बुडवलं आणि सुतारकाकांकडे वळली.

दुसऱ्या सत्राच्या शेवटी प्रश्नोत्तरं होती. अध्यक्षस्थानी एक निवृत्त न्यायाधीशबाई होत्या, पिकल्या केसांच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. विद्यार्थ्यांचे दोन प्रश्न झाले. एका प्राध्यापकांनी प्रश्न म्हणून छोटंसं भाषणच केलं. आणि मग तिसऱ्या रांगेत एक हात वर झाला.

सुतारकाकांनी आईला वाट करून दिली. आई पुढे आली, व्यासपीठाखाली मोकळ्या जागेत सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली. वेणी वक्त्यांसाठी उभी होती, तेव्हा बहिऱ्यांसाठी बोलायचं काम दुभाषीबाईंचं. माइक त्यांच्याच हातात होता.

आईचे हात बोलू लागले आणि दुभाषीबाईंचं तोंड.

"नमस्कार. मी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होते. पाठ्यपुस्तकं शिवायची. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी लहानपणी माझ्या हातची पुस्तकं फाडली असतील."

सभागृहात हशा पिकला. दुभाषीबाईंनाही क्षणभर बरं वाटलं. या धंद्याचा नियम असा, की ज्याचं बोलणं त्याचा 'मी'. 'त्या म्हणतात' असं म्हणायचं नाही. समोरचा चिडला तर आपणही चिडून बोलायचं, तो रडला तर निदान आवाज जड करायचा. या 'मी'मधून त्यांनी आजवर गुन्हेगार, नवरदेव, दुकानदार, सगळं होऊन पाहिलं होतं.

"मी विधवा आहे. मला एका माणसाशी लग्न करायचंय. तोही बहिरा आहे. आम्ही कचेरीत गेलो. बरोबर दुभाषी होती."

इथे आईचे हात थांबले. तिने लेकीकडे पाहिलं, दुभाषीबाईंचं मागचं वाक्य पुरतं बोलून होईपर्यंत थांबली, आणि मग सावकाश, लहान मुलाला शिकवावं तशी एकेक खूण सुटी करून बोलू लागली.

दुभाषीबाई गप्प झाल्या.

पुढच्या रांगांतल्या सगळ्यांनी ते पाहिलं होतं. त्यांना कळलं होतं. सुतारकाका खाली मान घालून बसले. मागे मात्र दोनेकशे ऐकणारी माणसं माइकमधून आवाज यायची वाट बघत होती, आणि त्यांना आई काय म्हणाली हे कळायला एकच वाट होती. दुभाषीबाईंनी काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी ते खरं मानलं असतं. 'दुभाषीची सोय सगळीकडे हवी,' एवढं म्हटलं असतं तर टाळ्याही पडल्या असत्या.

वेणीने कडेने विचारलं, "ताई, मी बोलू?" तिने हात पुढे केला, माइकसाठी.

दुभाषीबाईंनी माइक घट्ट धरला.

"कचेरीतला माणूस बराच वेळ बोलला," त्या म्हणाल्या. "दुभाषीने मला सांगितलं, साहेब नाहीत. साहेबांच्या दारावर लाकडी पाटी होती. 'आत' आणि 'बाहेर' अशी सरकवायची. ती 'आत'वर होती. दुभाषीची तिकडे पाठ होती, माझं तोंड होतं. मी बहिरी आहे. आंधळी नाही."

कोणी हसलं नाही.

"मी विचारलं, तो काय म्हणाला? दुभाषी म्हणाली, नंतर सांगते. आम्हा बहिऱ्यांना जन्मभर हेच ऐकवतात. जेवताना सगळे हसतात, आम्ही विचारतो काय झालं, तर म्हणतात, काही नाही, नंतर सांगतो. माझा नवरा वारला तेव्हा डॉक्टर काय म्हणाले, तेही मला नंतरच कळलं. माझा प्रश्न असा आहे. दुभाषी खोटं बोलली तर कायदा काय म्हणतो? आणि... दुभाषी पोटची मुलगी असली तर काय म्हणतो?"

शेवटचं वाक्य बोलून दुभाषीबाईंनी माइक खाली घेतला.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे," त्या दुभाषीबाईंकडे बघत हळूच म्हणाल्या, "ती मुलगी तुम्हीच का?"

व्यासपीठावरच्या वेणीने ते आईला हातांनी सांगितलं. आईचं उत्तर झटक्यात आलं, आणि दुभाषीबाईंनी तेही बोलून टाकलं: "तिला नका विचारू. प्रश्न मी विचारलाय."

"चुकलं माझं," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि खुर्चीतच आईकडे पूर्ण वळल्या. "असं बघा. दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला मुलीची, मुलाची, कोणाचीच परवानगी लागत नाही. त्या कारकुनाने तसं काही विचारलं असेल, तर ते विचारायलाच नको होतं. आणि दुभाषीचं म्हणाल, तर कोर्टात तिला शपथ असते. कचेरीच्या खिडकीशी मात्र कोणी शपथ घेत नाही. तिथे विश्वासावरच चालतं."

"विश्वास मोडला तर?"

"तर दुसरी दुभाषी आणायची. तो हक्क तुमचा."

"म्हणजे दुसरी आणता येते?"

"येते."

"मग झालं," आई म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. पुढच्या रांगांत हात वर होऊन पानांसारखे हलले; ती त्यांची टाळ्या वाजवायची रीत. मागच्यांनी आधी पाहिलं, मग एकेकाने हात वर केले.

जेवणाच्या सुट्टीत लोकांनी गराडा घातला, पण आईभोवती नाही, दुभाषीबाईंभोवती. एक प्राध्यापक म्हणाले, "केवढं धैर्य लागतं हो असं बोलायला!" कोणीतरी महाविद्यालयाच्या अंकासाठी मुलाखत मागितली. "मी बोलले नाही, त्या बोलल्या," असं दोघातिघांना सांगून त्या हात धुवायच्या जागी गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या. पाठोपाठ वेणी आली.

"ताई, तुम्ही बदलून सांगू शकला असता."

"तू होतीस ना समोर."

"मी नसते तर?"

दुभाषीबाईंनी नळ बंद केला. "नको विचारूस," त्या म्हणाल्या. "खरंच नको विचारूस."

दुपारचं सत्र दोघींनी मिळून पार पाडलं. परत येताना बसमध्ये आई खिडकीशी बसली आणि बाहेर बघत राहिली. ऐकणाऱ्या माणसाने तोंड फिरवलं तरी त्याच्या कानाशी बोलता येतं. आईने तोंड फिरवलं की दार लागलं.

घरी आल्यावर आई भाजी निवडायला बसली. दुभाषीबाईंनी स्वयंपाकघरातल्या दिव्याची उघडझाप केली. या घरात हाक मारायची ती अशी. आईने वर पाहिलं.

"सगळ्यांसमोर? घरी नसतं बोलता आलं?"

आईने सुरी ठेवली, हात फडक्याला पुसले, सावकाश. "घरी मी बोलले की तू मान फिरवतेस. तिथे माझं बोलणं तुला तोंडातून काढावंच लागतं."

दुभाषीबाई दाराच्या चौकटीला टेकल्या.

"तो माणूस वाईट आहे का?" आईने विचारलं. "सांग. तुला काय दिसलंय?"

"काही नाही. चांगले आहेत."

"मग कशाची भीती वाटली?"

दुभाषीबाईंनी हात उचलले. या हातांनी त्यांनी परक्यांची भांडणं, निकाल, निदानं, सगळं सांगितलं होतं. स्वतःचं सांगायची वेळ आली तर खुणाच आठवेनात. नवऱ्याचं घर सोडून त्या इथे परत आल्या, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली होती. लोक म्हणायचे, बहिऱ्या आईला सांभाळते, गुणाची पोर. त्याही तेच म्हणायच्या. कोण कोणाला सांभाळत होतं, हे कधी कोणी विचारलं नाही.

"तू गेलीस," शेवटी त्या म्हणाल्या, "तर घरी आल्यावर मी बोलू कोणाशी?"

आई म्हणाली, "ते माझ्या लग्नाच्या आड येण्याइतकं मोठं आहे का, तूच ठरव." आणि थोड्या वेळाने, सुरी परत उचलायच्या आधी, "कोथिंबीर धुऊन दे."

लग्नाच्या दिवशी दुभाषी म्हणून वेणी आली. आईने तिला स्वतः जाऊन विचारलं होतं. दुभाषीबाईंना आईने एवढंच सांगितलं, "सकाळी निघायचंय. येणार असशील तर ये."

कामावर जाताना त्या नेहमी गडद, साध्या रंगाचे कपडे घालत. नक्षीदार कापडासमोर हात नीट वाचता येत नाहीत. आज त्यांनी मोठमोठ्या फुलांचा ड्रेस घातला होता. आईने तो पाहिला, काही म्हणाली नाही, पण जिना उतरताना त्याच्या बाहीला हात लावून पाहिला.

कार्यालयाच्या बाकावर क्लबातली चार-पाच मंडळी बसली होती. साक्षीदार त्यांच्यातलेच. सुतारकाका उगाच मिशीला हात लावत होते. आईच्या गळ्यात बारीक मण्यांची माळ होती. नेमका तिचा हुक निघाला. आईने ती हातात धरली, इकडेतिकडे पाहिलं, आणि दुभाषीबाईंपुढे येऊन पाठ करून उभी राहिली. मानेवरचे केस एका हाताने वर धरले.

हुक बारीक होता. दुभाषीबाईंची बोटं दोनदा चुकली. आईची मान अशी जवळून त्यांनी कधी पाहिली होती, आठवेना. पिकलेले केस, त्याखाली पुस्तकांवर वाकून वाकून आलेलं पोक. लहानपणी आईवर राग आला की त्या तिच्या पाठीमागे उभं राहून तोंडाने वाटेल ते बोलत. आईला कळायचं नाही. आज तशाच पाठीमागून, अगदी हळू, त्या म्हणाल्या, "चुकलं माझं, आई."

समोर वेणी उभी होती. तिच्या कानावर ते पडलं. कानावर पडलं ते सांगायचं, एवढंच तिला ठाऊक. शिकवणाऱ्यांनी तसंच शिकवलं होतं. तिचे हात उठले आणि तिने ते आईला सांगितलं.

आईची मान ताठ झाली. आई वळली नाही. केस धरलेला हात तसाच ठेवून तिने दुसरा हात खांद्यावरून मागे आणला आणि खूण केली: "दोनदा चुकलीस. नीट लाव."

त्यांनी हुक नीट लावला.

तेवढ्यात आतून बोलावणं आलं. आईने केस सोडले, माळ चाचपली आणि सुतारकाकांबरोबर पुढे गेली. वेणी कारकुनाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दुभाषीबाईंना बाकावरून नीट ऐकू येत नव्हतं, आणि वेणीचं अंग आड येत असल्यामुळे तिचे हातही दिसत नव्हते. फक्त कोपर हलताना दिसत होतं. कारकुनाने काहीतरी विचारलं. आईने उत्तर दिलं. सुतारकाकांचे खांदे हसून हलले, मग कारकूनही हसला.

काय झालं ते दुभाषीबाईंना कळलं नाही. आईची पिशवी बाकावरून घसरत होती, ती त्यांनी उचलून मांडीवर घेतली.